तिसरा पुकारा

"वयनी, दुसरा पुकारा झाला की दार आतून लावून घे. पाचच मिनिटं. पोलीस दोन हायत, आमी पन्नास. बाकीचं आमी बघून घिऊ."

साखराबाई काही बोलली नाही. मंगळवारी ती बोलतच नसे. माहूरच्या आईचा उपास आणि दिवेलागणीपर्यंत मौन. तोंडातून निघायची ती फक्त पक्षकारांची नावं. नवऱ्याच्या जागी ती तालुक्याच्या कोर्टात शिपाई म्हणून लागली, त्याला अठरा वर्षं झाली होती. दारात उभं राहून एकेकाला बापाच्या नावासकट तीनदा पुकारायचं. कारकून मन्मथ चिडवायचा, "मंगळवारी मावशीनं आपलं नाव घ्यावं वाटत असंल, तर आदी आरोपी व्हावं लागतंय."

तिचं गप्प राहणं दयानंदनं, तिच्या दिरानं, होकार धरलं. "तुज्याच मांडीवर गेलाय माजा हरिओम," एवढं बोलून तो वळला.

ते खरं होतं. पुतण्याच्या मानेवरचा कत्तीचा घाव तिनं पदरानं दाबून धरला होता आणि रक्त बोटांमधून येतच राहिलं होतं. वार शहेबाजनं केला, असं गाव म्हणत होतं. कोर्टानं अजून म्हटलं नव्हतं.

"शहेबाज वल्द वाजिद, हाजिर हाय का?"

बेड्या घातलेल्या शहेबाजला पोलिसांनी व्हरांड्यात आणलं. तिनं दुसऱ्यांदा पुकारलं आणि आवारातली माणसं धावली. पहिल्याच दगडानं एका पोलिसाचं कपाळ फुटलं. दुसऱ्याला चौघांनी भिंतीशी दाबलं. मग काठ्या सुरू झाल्या. शहेबाज गुडघ्यांवर आला, त्याचा कान फाटून लोंबायला लागला.

"वयनी, दार लाव."

साखराबाई बाहेर आली. तिनं शहेबाजची कॉलर धरली आणि त्याला फरशीवरून ओढायला लागली. दयानंदची उगारलेली काठी तिच्या जबड्यावर बसली. दोन दात तुटले, पण कॉलर सुटली नाही. दोघं उंबऱ्याच्या आत आल्यावर मन्मथनं कडी घातली.

बाहेरून दारावर लाथा बसत होत्या. तिनं तोंडातलं रक्त गिळलं. उपास मोडला की काय, असं मनात येऊन गेलं. मग भिंतीला धरून उभी राहिली.

"शहेबाज वल्द वाजिद, हाजिर हाय का?"

तिच्या पायाशी पडलेला शहेबाज वर बघत राहिला. "हाजिर," तो म्हणाला.

त्या साली नवरात्रात दिराच्या घरून घटाला बोलावणं आलं नाही.

मारहाणीचा खटला उभा राहिला तोही मंगळवारीच. यादीत पहिलं नाव बघून मन्मथ म्हणाला, "मावशी, हे मी पुकारतो. तुमी बसा."

तिनं नाही म्हणून मान हलवली. सासऱ्याचं नाव तिनं जन्मात कधी घेतलं नव्हतं. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती दारात आली. तुटक्या दातांतून वारा जात होता.

"दयानंद वल्द शेषेराव, हाजिर हाय का?"

तो लिंबाखाली पाठ करून बसला होता. दुसऱ्यालाही हलला नाही. तिसऱ्याला उठला, चपला काढल्या आणि खाली मान घालून आत गेला. तो आत जाईपर्यंत ती दार धरून उभी होती.