पपनसाचा नैवेद्य

शहापूरजवळच्या शेणवे गावच्या सकुबाईने नवऱ्याला, गणूला, आपल्या यकृताचा तुकडा दिला, त्याला दीड वर्ष झालं होतं. परक्या तुकड्याला अंगाने झिडकारू नये म्हणून गणूला सकाळ-संध्याकाळ गोळी असे. ती कमी पडली तर यकृत जायचं, जास्त झाली तर मूत्रपिंडं. म्हणून दर महिन्याला सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं, आणि रक्तात औषध किती उतरलंय ते बघून मुंबईच्या डॉक्टर नम्रता गोळी ठरवायच्या.

२००८च्या श्रावणाअखेर आकडा दुप्पट आला. गणूच्या बशीतला चहाही सांडू लागला होता, इतके हात थरथरत.

"गोळ्या जास्त घेतल्या?" डॉक्टरांनी मुंबईला आलेल्या दोघांना विचारलं.

"नाय बाय. मीच मोजून देते."

"वेगळं काही खाल्लं?"

"कायपण नाय. श्रावण पाळतो आमी. एक वेळ वरणभात, बस."

डॉक्टरांनी गोळी कमी करायला पेन उचललं. गणू हसला. "ही उपाशी मारते मला, डॉक्टर."

सकुबाईला ते लागलं. "खोटं नको बोलू देवाच्या महिन्यात! दारच्या झाडाचं पपनस रोज महादेवाला ठेवते, न् सोलून तुलाच देते ना?"

पेन थांबलं. "पपनस? मघाशी बोलला नाहीत."

"प्रसाद तो. उपासाचं काय खाण्यात धरायचं?"

"पपनसाने हे औषध रक्तात साठतं, बाई. आज मी गोळी कमी केली असती, आणि झाडाची फळं संपल्यावर औषध कमी पडलं असतं. तुम्ही दिलेलं यकृत गेलं असतं." त्यांनी गोळी होती तेवढीच ठेवली. "पपनस बंद. पाच दिवसांनी शहापूरला रक्त द्या."

सकुबाईचा पपनसाच्या नैवेद्याचा नेम कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा होता. परतताना शहापूरच्या स्टँडवर गणूने विचारलं, "महादेव रागवंल काय गो?"

"त्याला मी सांगते."

दुसऱ्या दिवसापासून नैवेद्य नेहमीसारखाच झाला. फोडी मात्र ती एकटीच खाई. गणू तिच्या तोंडाकडे बघत बसे.

सहाव्या दिवशी आकडा ठिकाणावर आल्याचा फोन आला. संध्याकाळी पूजा आटोपली तसा गणू म्हणाला, "एक फोड तरी दे."

"हात पुढे कर."

त्याने केला. तिने तो निरखून पाहिला. हात आता थरथरत नव्हता. मग तिने त्यावर खडीसाखरेचा खडा ठेवला.