सापडल्याची बातमी

"गोगलगाय म्हणे तीन-तीन वर्स झोपते," शेवंताबाई मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली. "ना उठनं, ना खानं. मजा हाय बुवा."

"तुह्या नवऱ्यावानी," तुळसाबाई म्हणाली आणि तिने कापलेल्या तेंदूपानात चिमूटभर तंबाखू पसरली.

बालाघाटजवळ भरवेलीच्या खाणीशेजारच्या त्या वस्तीत दुपारची भांडी घासून झाली की दोघी शेजारणी तुळसाबाईच्या ओट्यावर सुपं मांडीवर घेऊन बसत. दोघी बिड्या वळायला बसत असं म्हणायची पद्धत होती. खरं तर बिड्या तुळसाबाई वळायची. शेवंताबाई जगात काय चाललंय ते सांगायची. कुठे दोन तोंडांचं वासरू झालं, कुठली नवरी ट्रॅक्टर चालवत मांडवात आली, कुठल्या पानाच्या रसानं साखर पळून जाते, बिरशाच्या रस्त्यावर वाघ कसा आडवा बसलाय. तो वाघ बिरशाचा नव्हताच, मागच्या पावसाळ्यात तोच वाघ दुसऱ्याच गावाच्या नावानं येऊन गेला होता. पण शेवंताबाईला त्याचं काही नव्हतं. वाघ दिसला ना, मग झालं. तुळसाबाईला अक्षरं लावता यायची, पण हात तंबाखूचे, त्यामुळे ती नुसती ऐकायची आणि मधून एखादा चिमटा काढायची.

"आज चंद्र हिरवा दिसनार म्हनते. आन् हे पाह्य, एका मानसानं भोपळ्यात बसून नदी..." शेवंताबाई एकदम थांबली. तिचा अंगठा काचेवर तसाच राहिला.

"बुडला का तो भोपळेवाला?"

"नाई वो. काही नाई. जाहिरात हाय."

तुळसाबाईने हातातली बिडी दोऱ्यानं बांधली, सुपात ठेवली, पदराला बोटं पुसली आणि हात पुढे केला. शेवंताबाईने नाइलाजानं मोबाइल दिला. काचेवर तुळसाबाईचा नवरा चैतराम होता. निवृत्तीच्या दिवशी काढलेला फोटो, पांढरा शर्ट, खांद्यावर झेंडूच्या हाराची कड कापली गेलेली. वर लाल अक्षरांत 'लापता' आणि खाली हात जोडलेली विनंती, कृपया ज्यादा से ज्यादा शेयर करें. त्याच्याही खाली तुळसाबाईचा नंबर.

"पुन्हा निंगाले वाट्टे फिराले," तुळसाबाई म्हणाली. तिने मोबाइल परत दिला आणि आपला स्वतःचा फोन घरातून आणून शेजारी ठेवला.

चैतराम रामटेके वारला त्याला दोन वर्षं झाली होती. खाणीत आयुष्य काढलेला माणूस, निवृत्त झाल्यावर त्याला विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग नातेवाइकांची नावं, मग घराचं दार. एका सकाळी तो बाहेर पडला तो आलाच नाही. मुलीनं, संघमित्रानं, रडत रडत ती पोस्ट केली आणि दिसेल त्याला पाठवली. काही दिवसांनी तो वैनगंगेच्या काठी बेशरमाच्या झुडपांत सापडला. तुळसाबाईनं त्याला शर्टावरून ओळखलं. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या दिवशी संघमित्राला सगळ्यांना कळवायचं होतं. 'शव' हा शब्द लिहिता लिहिता तिचा हात थांबला, बापासाठी तो शब्द तिला लिहवेना. शेवटी तिनं लिहिलं, पिताजी मिल गए हैं, सहयोग के लिए धन्यवाद. त्यावर लोकांनी फुलं पाठवली, टाळ्या पाठवल्या. कुणी लिहिलं, बधाई हो. कुणी लिहिलं, अब ध्यान रखिए उनका. बाप दारात तिरडीवर आणि फोनवर अभिनंदनाचा पाऊस. नर्सची नोकरी करणारी, रोज मरण पाहणारी पोरगी, त्या दिवशी ती न्हाणीत जाऊन दार लावून बसली होती.

एवढं करून ती सापडल्याची बातमी कुठे गेलीच नाही. गटातल्या गटात पडून राहिली. हरवल्याची मात्र अजून फिरत होती. लोकांचं तरी काय चुकतं? हरवलेला माणूस पुढे पाठवला तर पुण्य लागतं, सापडलेला कशाला पाठवायचा. चार महिने शांत गेले की कुणीतरी कुठूनतरी तो फोटो पुन्हा उचलायचं, तारीख कुणी बघायचं नाही, आणि तुळसाबाईचा फोन वाजायला लागायचा. अम्मा, तुमचे मालक गोंदियाच्या स्टेशनात दिसले. माँजी, डोंगरगढच्या पायऱ्यांवर बसलेत. एक बाई तर दीक्षाभूमीवरून बोलली होती, पांढरे कपडे घालून पंगतीत जेवत होते म्हणाली, दोनदा भात घेतला म्हणाली.

दोघी अजून ओट्यावरच होत्या तेव्हा संघमित्रा गोंदियाहून आली ती हे फोन थांबवायलाच. तिच्याही फोनवर सकाळीच बापाचा फोटो येऊन पडला होता, आणि तोही दवाखान्याच्या गटात, तिथल्या एका नव्या पोरीनं टाकलेला. तिनं सुट्टी मागितली आणि येताना नवं सिम घेऊन आली. ओट्यावर चप्पल काढता काढताच तिनं ते पाकीट आईच्या सुपाशेजारी ठेवलं. ते पाहून शेवंताबाई आपलं सूप उचलून घरी गेली. तिला नाक खुपसायची हौस भरपूर होती, पण कधी उठावं हेही कळायचं.

"माय, आजपासून हा नंबर. जुना बंद करून टाकू."

"काहून?"

"काहून म्हनजे? तुले तरास होत नाई का?"

"मले होत नाई."

"मले होते ना."

तेवढ्यात फोन वाजला. तुळसाबाईचा हात जायच्या आत संघमित्रानं उचलला. पलीकडे कुणी बाई होती, घाईघाईत बोलत होती, बालाघाटच्या बाजारात अगदी तसेच एक दादाजी दिसले म्हणे. संघमित्रानं तिला मधेच तोडलं.

"वो गुजर गए हैं. दो साल हो गए. पुराना मैसेज है, आगे मत भेजिए."

बाई ओशाळली. माफ करना बेटा, माफ करना, म्हणत तिनं फोन ठेवला. संघमित्रानंही ठेवला. तुळसाबाई पान कापत होती. कात्री चालवता चालवताच ती म्हणाली, "तू दर खेपी मारून टाकतं त्याईले."

संघमित्रानं सिमचं पाकीट उचललं आणि पुन्हा सुपाशेजारी ठेवलं.

"मी पागल नाई, मित्रा. म्या सोताच्या हातानं तिरडीवर पानी पाजलं त्याईले शेवटचं. माहीत हाय मले. पन फोन आला का ऐकतो मी. कोनी म्हनते बसून हायत, कोनी म्हनते च्या पेऊन राह्यले. तिथं झुडपात पडून हायत असं कोनीच म्हनत नाई." तिनं पान ठेवलं. "मंग मी काय म्हनू? मी म्हनतो, बरं झालं बाई, सांगतलं. लक्ष ठेवजो. बास. त्याच्यात कोनाचं काय जाते?"

"मले ते ऐकवत नाई माय. म्या लिवलं होतं ना 'मिल गए'. लोकं बधाई देत होते मले."

"मंग? मिलले नव्हते का? खोटं थोडी लिवलं तू." तुळसाबाईनं लेकीकडे पाहिलं. "नंबर बंद नोको करू. तुह्या घरी मी येत नाई, तुले काही मांगत नाई. हा नंबर राहू दे."

 पण संघमित्रानं मनातला निश्चय सोडला नव्हता. तिला वाटत होतं, आई सावरत नाहीये ती या फोनमुळेच. जखमेवरची खपली कुणीतरी दर चार महिन्यांनी काढतं आणि आई ती काढू देते. आज तिनं ऐकलं नाही तर गुपचूप सिम काढून न्यायचं, रागावली तर रागावू दे, असं तिनं ठरवूनच टाकलं. ती आत पाणी प्यायला गेली तेव्हा फोन पुन्हा वाजला. ती धावत बाहेर आली आणि तिनं तोही उचलला.

"हॅलो, मी लांजीच्या बसस्टँडवरून प्रेमलाल बोलून राह्यलो. माही भज्याची गाडी हाय इथं. तुमचे बाबूजी माह्याजवळ बसून हायत."

"दादा, ते वारले. दोन वर्स झाले."



"असं?" प्रेमलाल म्हणाला. "मंग हे कोन होयत?"

संघमित्रा उभी होती ती पायरीवर बसली.

"सकाळपासून बसून हायत बाई. नाव सांगत नाई, गाव सांगत नाई. भजे देल्ले तं हातात धरून बसले. म्या मोबाइलात फोटो पाह्यला, म्हटलं तेच होयत. तसाच पांढरा शर्ट. आता इथं ठेवू का काय करू? गाडी बंद करून मले घरी जा लागते, आन् हे तं उठून रोडवर जाते."

"पुलीस ठान्यात सांगा दादा," संघमित्रा म्हणाली. "मी बी फोन करतो तिथं."

"सांगतो ना. पन तवरीक याईले थांबवू कसं? माहं ऐकत नाई."

तुळसाबाईनं फोन लेकीच्या हातातून काढून घेतला. तंबाखूच्या बोटांनीच घेतला. "भाऊ," ती म्हणाली, "त्याईच्या कानाले लावा फोन."

खरखर झाली. मग श्वास ऐकू आला, म्हाताऱ्या माणसाचा, नाकातून येणारा.

"अवो," तुळसाबाई म्हणाली. "जेवले का तुमी?"

श्वास थांबला. मग एक पातळ आवाज आला. "अनुसया?"

संघमित्रानं आईकडे पाहिलं. तिला वाटलं, आई आता सांगेल, मी तुळसा, भरवेलीची. तुळसाबाईनं डोळे मिटले होते.

"हौ," ती म्हणाली. "मीच."

"किती वेळची वाट पाहून राह्यलो. तू आली नाई."

"येऊन राह्यली ना. तुमी उठू नका तिथून. ते भजे हातात हायत, ते खाऊन घ्या. तो भाऊ च्या देईन, च्या प्या. पन उठू नका. मी आली का मंग सोबत जाऊ."

"कुठं जावाचं?"

"घरी," तुळसाबाई म्हणाली.

तिनं सूप खाली ठेवलं आणि मांडीवरची तंबाखू झटकली. फोन कानालाच होता. दुसऱ्या हातानं ती दोरीवरचं लुगडं ओढायला लागली. संघमित्रानं तिला धरून बसवायला हवं होतं. लांजी काही जवळ नाही, दुपार कलायला आली होती, आणि तिथे पोलीस होते, प्रेमलाल होता, अनुसया नावाची कुणीतरी बायको कुठेतरी होती किंवा नव्हती. हे सगळं तिनं मनात म्हटलं. मग तिनं प्रेमलालचा नंबर आपल्या फोनमध्ये उतरवून घेतला आणि लांजीच्या ठाण्यात फोन लावून पांढरा शर्ट, बायकोचं नाव अनुसया, एवढं कळवलं. ते लोक बघतो म्हणाले. तिनं घराला कुलूप लावलं. नवं सिम ओट्यावरच राहिलं.

बालाघाटहून लांजीची बस भरलेली होती, पण कुणीतरी म्हातारी पाहून तुळसाबाईला खिडकीजवळ जागा दिली. बसमध्ये ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल होता. पुढच्या बाकावर कुणी नाचणारं माकड पाहत होतं, मागे एक माणूस सोन्याचा भाव मोठ्यानं वाचून दाखवत होता, दाराशी उभ्या दोन पोरी कुठल्याशा देशात रस्त्यावर झोपलेल्या हत्तींना पाहून हसत होत्या. त्या सगळ्या गलक्यात तुळसाबाई फोन कानाला घट्ट लावून, दुसऱ्या कानावर पदर दाबून बोलत होती. प्रेमलाल भला माणूस, त्यानं फोन म्हाताऱ्याच्या हातातच देऊन ठेवला होता.

"हौ, बसली गाडीत. हौ, आज भात करतो. नाई, तुमच्या आंगावर थंडी नाई ना वाजून राह्यली?"

संघमित्रा आईच्या शेजारी दांड्याला धरून उभी होती. हट्टा गावाच्या पुढे रस्ता खराब झाला, बस हेलकावे घ्यायला लागली. मागचा सोन्याचा भाव बंद पडला, पोरींचे हत्ती अडकले. नेटवर्क गेलं रे, कुणीतरी कुरकुरलं. संघमित्रानं आपला फोन पाहिला, तिच्याही फोनला काही नव्हतं. बसमधले सगळे मोबाइल एकेक करून खाली आले आणि लोक पहिल्यांदाच खिडकीबाहेर पाहायला लागले. बाहेर धानाची शेतं होती.

तुळसाबाई मात्र बोलतच होती. तिच्या हातातल्या फोनची काच काळी झाली होती. कधी झाली कोण जाणे. संघमित्रानं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"नाई वो," तुळसाबाई हळू आवाजात म्हणत होती, "रागावली नाई मी. तुमाले रस्ता सापडला नाई, त्याच्यात तुमचा काय दोष. म्या बी लय हिंडली. नदीवरूनच गेली होती मी त्या दिवशी, मले दिसले नाई तुमी."

कंडक्टर तिकिटांसाठी आला. संघमित्रानं दोन लांजी म्हटलं आणि त्यानं आईशी बोलू नये म्हणून मधे उभी राहिली.