मागच्या डाव्या दारातली खुळखुळ

मी सोमनाथच्या जुन्या पांढऱ्या गाडीतला, मागच्या डाव्या दाराचा स्पीकर बोलतोय. तुम्ही म्हणाल, स्पीकर बोलणारच, त्यात काय नवल! खरंय. पण जन्मभर मी दुसऱ्यांचंच बोललो. बातम्या त्यांच्या, गाणी त्यांची, मधेच खोकणारा कीर्तनकारही त्यांचाच. आज जरा माझं ऐका.

जन्म माझा कारखान्यातला. कागदाचं पातळ पोट, पाठीला जड लोहचुंबक, मधे तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. आम्ही चार भाऊ एकदमच गाडीत बसलो, दोघं पुढं, दोघं मागं. पुढच्यांचा तोरा मोठा, ते मालकाजवळ. मागच्यांना कोण विचारतं? लेकरांच्या लाथा, भाजीच्या पिशव्या आणि दाराचं आपटणं, एवढीच आमची विचारपूस.

पहिल्या मालकाला शांतता लई प्यारी. त्याच्याकडं मी जवळजवळ मुकाच होतो. मग गाडी शहरातल्या गारखेड्याच्या सोमनाथनं घेतली आणि माझं नशीब उघडलं, कारण माझ्याशेजारी साळूबाई येऊन बसली.

साळूबाई म्हणजे सोमनाथची आई. शेत फुलंब्रीला, लेकाचा संसार शहरात, म्हणून दर रविवारी गाडी फुलंब्रीला जायची आणि संध्याकाळी परत यायची. म्हातारीचा उजवा कान लहानपणीच गेलेला. त्यामुळं ती कायम डाव्या खिडकीशी, चांगला कान माझ्याकडं करून. चालत्या गाडीत माझे पुढचे दोघं भाऊ आणि उजव्या दारातला कितीही ओरडले तरी तिला काही पोचायचं नाही. तिचा रेडिओ म्हणजे मी एकटा. जायकवाडीत किती पाणी उरलं, मोंढ्यात तुरीला काय भाव निघाला, सगळं मी सांगायचो आणि ती मलाच उलटून विचारायची, "आन आमच्याकडं कवा पडनार?" पावसाचा जाब इतक्या आपुलकीनं मला कुणी विचारला नव्हता.

पहिल्याच दिवशी सोमनाथनं तिला बजावलं होतं. "माय, गाडीत काही टाकायचं नाय. खिडकीतून बाहेर तर मुळीच नाय. शहरातले लोक नावं ठेवतात."

"नाय टाकत रे बाबा," ती म्हणाली. आणि शब्दाला जागली. कशी जागली, ते सांगतो पुढं.

मग ती कोरडी वर्षं आली. फुलंब्रीच्या विहिरीचा तळ दिसायला लागला. गारखेड्यात जिकडं बघावं तिकडं नवी इमारत, नळाचा मात्र भरवसा नाही. टँकर आला की बायका घागरी, बादल्या, कुणी तर कुकर घेऊन पळायच्या. रविवारी निघताना सून तनुजा सासूच्या हातात पाण्याची बाटली द्यायची. गाडी तीच चालवायची. रोज चितेगावच्या कंपनीत जाऊन-येऊन तिचा हात बसला होता.

"आत्याबाई, पाणी प्या बरं का. ऊन लई आहे."

"पिते की."

संध्याकाळी बाटली भरलेलीच घरी यायची. "मला तहानच लागत नाय, बाई," असं म्हणत साळूबाई ते पाणी माठात ओतायची. तनुजाला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं.

पुढं पाऊस झाला. विहीर भरली. शहर वाढतच गेलं, त्याचं नावही बदललं. फुलंब्रीचा रस्ता रुंद झाला आणि त्यात साळूबाईच्या बांधावरचं चिंचेचं झाड गेलं. आणि मी? कोरड्या वर्षांत सुरू झालेली माझ्यातली बारीक खडखड आता साऱ्या गाडीला ऐकू यायला लागली.

ढोलकी वाजली की डब्यात खडे घातल्यासारखा आवाज. गाडी वळली की खुळखुळ, अगदी रेडिओ बंद असला तरी! पण माणसांची एक सवय मी पाहिली आहे. गडबड झाली की जो बोलतो त्यालाच आधी धरतात. सोमनाथनं दारावर बुक्क्या मारल्या, फटीत कागदाच्या घड्या कोंबल्या. मी शहाण्यासारखं हळू आवाजात बोलून पाहिलं. कशाचा काही उपयोग नाही.

शेवटी गाडी सजवायच्या दुकानात वरात गेली. दुकानदारानं मला न उघडताच मयत ठरवलं. "ये तो गया, साब. नवा डालो. अख्खी गाडी हिलेगी!"

"हलतीच हाय की ती," साळूबाई खिडकीतून म्हणाली.

सोमनाथला नव्याची हौस नव्हती. "ऱ्हाऊ द्या. घरी जाऊन याची तार तोडतो. पुढचे दोन बास हायत."

म्हातारीचा चेहरा उतरला. "तुला बास हायत. मला पुढलं काय ऐकू येतंय? मी काय गाठोड्यावानी बसून जाऊ?"

"मोबाइलवर ऐक ना, माय."

"त्यो लावून कोन देनार? तूच त्याच्यात तोंड घालून बसलेला असतूस!"

रविवारी सकाळी सोमनाथ खरंच पक्कड घेऊन आला. माझा जीव तारेत गोळा झाला.

"अहो, तोडायच्या आधी उघडून तर बघू," तनुजा म्हणाली. तिनं दाराचं आतलं झाकण काढलं, माझे स्क्रू सोडवले आणि मला तळहातावर धरून रेडिओ लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंगावर ऊन पडलं. मी असा गायलो म्हणून सांगू! ना खर्र, ना खुर्र.

"हा तर ठणठणीत आहे!"

"मग खडखडतंय कोन?" सोमनाथनं दार हलवलं. खळ्ळ!

मी बसायचो त्या भोकातून तनुजानं आत हात घातला. मूठ बाहेर आली ती चिंचोक्यांनी भरलेली.

"माय!" सोमनाथ ओरडला. "हे काय?"

"चिंचोके. दिसत नाय व्हय?"

"दारात कसे गेले?"

"तूच म्हनला व्हतास, आत टाकू नको, बाहीर टाकू नको. काचेच्या कडंला फट हाय. मला वाटलं, त्याच्यासाठीच ठिवलीय."

सोमनाथ हसून हसून खाली बसला. तनुजाही हसत होती, पण मुठीमागून मूठ निघत राहिली, ताट भरलं, तसं तिचं हसू थांबलं.

"आत्याबाई, एवढी चिंच कधी खाल्ली?"

"खाल्ली कुटं? चघळली. तोंडात धरली की तहान मरती."

"म्हणजे ती बाटली..."

"घरात पानी नव्हतं, पोरी. तुमी कामाची मानसं. मी नुसती बसून जानार, बसून येनार. मला कशाला लागतंय पानी!"

तनुजा घरात गेली, तांब्याभर पाणी आणलं आणि सासूपुढं उभी राहिली.

"आता नाय गं तहान."

"तरी प्या."

साळूबाईनं तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवूनच खाली ठेवला. मी बघत होतो. तहान होती.

मग तिनं ताटातले मूठभर चिंचोके पदरात बांधले, बांधावर लावायला. तनुजानं जुन्या वाकळेची पट्टी कापून माझ्या कडेला दिली आणि मला जागेवर बसवलं.

आता माझं पोट विटलंय, एक कड डिंकानं चिकटवलेली आहे. पण आवाज खणखणीत. एवढंच सांगणं आहे, की तुमच्या गाडीत खडखड झाली तर लगेच पक्कड काढू नका. आधी शेजारी बसलेल्या माणसाला विचारा.

एक चिंचोका मात्र अजून दाराच्या कोपऱ्यात आहे. तिथं कुणाचा हात पोचला नाही. फुलंब्रीच्या वाटेवर चौक्याच्या घाटात गाडी वळली की तो टक्क करतो. मी बातमी सांगत असलो तरी तनुजा लगेच आरशातून मागं बघते.

"आत्याबाई, पाणी?"

"दे बाई," साळूबाई म्हणते. बाटली आता रिकामीच घरी येते.