गाय नाही, डुकरीण

मित्रांनो, मी निडी गावातली एक म्हातारी डुकरीण आहे. नाक मुरडलंत ना? खुशाल मुरडा. मी काही लाजत माझी गोष्ट सांगणार नाही.

हिरामणच्या घरामागे माझा जन्म झाला. मी नऊ वेळा व्याले आणि माझ्या पिल्लांच्या जिवावर त्या घरावर पत्रे चढले. तरी पाहुणे आले की हिरामण माझ्या कुंपणापुढे गोणपाट टांगायचा. डुकरं पाळतो म्हणून लोक हसतील, याची त्याला धास्ती.

त्याची आठ वर्षांची मुलगी किमया मात्र माझ्या अंगाला टेकून बसायची. गेल्या भाद्रपदात मला खोकला झाला, नाक गळू लागलं. जनावरांच्या डॉक्टरला कोणी बोलावलं नाही. किमयाने हळद-तेल कालवून माझ्या नाकाला चोळलं, फ्रॉकने शेंबूड पुसला आणि तशाच हातांनी भाकरी खाल्ली. आजारी जनावरापासून लांब राहावं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती तापली. मग धाप लागली, ओठ निळे पडले. तिला रोह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी विचारलं, घरी जनावरं आहेत का? हिरामण म्हणाला, एक गाय आहे. अहो, गाय कुठली? पोटची पोर श्वासासाठी तडफडतेय आणि याला अब्रू सुचते. मला अजून त्याचा संताप येतो.

तेव्हा किमयाची आई जनी पुढे झाली. पुढे तिनेच हे शेजारणीला माझ्यासमोर सांगितलं. ती म्हणाली होती, "गाय नाय, डॉक्टर. डुकरं हायत आमच्याकडं. खोकतात, आन् ही त्यांचं नाक पुसते."

डॉक्टरांनी लगेच किमयाच्या नाकातला नमुना तपासायला पाठवला आणि निकालाची वाट न बघता औषध सुरू केलं. ऑक्सिजनही लावला. नमुन्यात आम्हा डुकरांचाच फ्लू निघाला. बारा दिवसांनी पोर घरी आली, अगदी काडी होऊन.

मग गावातले चारजण आम्हाला मारायला आले. जनी कुंपणाच्या दारात उभी राहिली. आता जनावरांचे डॉक्टर येऊन बघतील, ते सांगतील तसं करू, असं तिने ठणकावलं.

आजार माझ्याकडून गेला, हे मी नाकारत नाही. पण तो मी लपवला नव्हता. मित्रांनो, खोकणाऱ्या डुकराजवळ जाऊ नका, हात धुवा. आणि ताप आलाच, तर डॉक्टरांपुढे मोठ्याने म्हणा, आमच्याकडे डुकरं आहेत. जनीने तेवढं म्हटलं, म्हणून किमया आज शाळेत गेली आहे.