मऊ मिळेल असं हॉटेल

“राख?” नेव्हिल म्हणाला. “राख खायला घालतात?”

मी चष्मा वर सरकवला आणि फोनवरचा हॉटेलचा मेनू पुन्हा वाचला. “‘कांद्याची पात, राख, दही.’ एवढंच लिहिलंय रे. पुढे अठरा पौंड.”

“म्हणजे करपलंय. तुझ्या शाळेत करपलं की तू पातेलं घासायला टाकतेस. हे लोक त्याचे पैसे घेतात.”

तो हसला आणि हसता हसता त्याचा हात गळ्यापाशी गेला. हल्ली हसला की हात तिथे जायचाच. मी तो हात न बघितल्यासारखं करून पुढचं हॉटेल उघडलं.

मी ग्लेंडा. हॅलिफॅक्सच्या एका प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाक करते. रोज दोनशे ताटं. माझा नवरा नेव्हिल लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला. अबोल माणूस, पण कामात चोख. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्याने कधी आपणहून ‘बाहेर जेवायला जाऊ’ म्हटलं नव्हतं. त्याला माझ्या हातचं आवडतं असं मी समजत आले. बाहेर जेवताना वेटरशी बोलावं लागतं हेही कारण असेल.

तीन आठवड्यांपूर्वी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. गाठ जिभेच्या मुळाशी आहे. जीभ काढायची, तिच्यामागचा घशाचा भाग काढायचा, पोटात नळी बसवायची. बोलणं जाईल. तोंडाने पुन्हा जेवता येईल असं धरून चालू नका. यावर नेव्हिलने एकच प्रश्न विचारला, की ऑपरेशनच्या दिवशी गाडी कुठल्या दाराशी लावली म्हणजे सोयीचं पडेल. डॉक्टरीणबाईंनी बिचारीने कागदावर नकाशा काढून दिला.

घरी येताना गाडीत तो म्हणाला, “त्याआधी एकदा बाहेर जेवू या, ग्लेन. चांगल्या ठिकाणी.”

“कुठे?”

“कुठेही. मला काहीही चालतं.”

आम्हा हॅलिफॅक्सकरांचा हा जुना आजार. ‘मला काहीही चालतं, तूच ठरव.’ दोघं नवरा-बायको असं म्हणत म्हणत भुकेने मरतील, पण आधी कोणी सांगणार नाही. एरवी मी त्याला यावरून झापलं असतं. त्या दिवशी नाही झापलं. त्या दिवसापासून हॉटेल शोधणं एवढंच माझं काम झालं. भाजी चिरता चिरता मनात हॉटेलं, झोपताना उशाशी फोन. बुधवारी सकाळी ऑपरेशन होतं आणि त्याआधीचा शनिवार मी मनाशी धरला होता. मला माझ्या नवऱ्याला शेवटचं पोटभर जेवू घालायचं होतं. बाकी काही माझ्या हातात नव्हतं, हे होतं.

बायपासवरच्या पबमध्ये आमचे सगळे वाढदिवस झाले. पण तिथलं मांस चपलेसारखं चिवट, आणि निम्मं गाव ओळखीचं. प्रत्येक जण टेबलापाशी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवणार. कोपऱ्यावरचं करीचं हॉटेल त्याच्या आवडीचं, पण तिखटाने आता घशात आग व्हायची. शेवटी ब्रिस्टलहून आमच्या लेकीने, जॅनिनने, तीन हॉटेलांची यादी पाठवली आणि वर लिहिलं, ‘मॉडर्न ब्रिटिश बघ, आई.’

मी तिला फोन केला. “आपण ब्रिटिशच आहोत. मॉडर्न म्हणजे काय ते सांग.”

“अगं, आजी करायची तेच. फक्त मोठ्या ताटात थोडंसं.”

“आजी थोडंसं करायची कारण तिच्याकडे नसायचं.”

“आई, भांडू नकोस. बाबांसाठी बघतोय ना आपण?”

यादीतलं पहिलं हॉटेल राखेमुळे बाद झालं. दुसरं लीड्सला होतं आणि तिथे एकामागून एक बारा पदार्थ वाढायचे. तेवढा वेळ नेव्हिल ताठ बसू शकला नसता. तिसरं आमच्याच गावात निघालं. लोकरीची जुनी गिरणी नीटनेटकी करून लोकर पिंजायच्या खोलीत हॉटेल काढलेलं, नावही ‘कार्डिंग रूम’च. त्या खोलीत नेव्हिलच्या आईने सव्वीस वर्षं लोकर पिंजली होती आणि पुढे खोकून खोकून गेली.

“तिला सांगितलं असतं, की लोक आता इथे हौसेने जेवायला येतात,” नेव्हिल म्हणाला, “तर म्हणाली असती, आधी खिडक्या उघडा मेल्यांनो.”

“मग नको?”

“मी नको म्हटलं का?”

त्यांच्या मेनूवर बैलाच्या गालाचं मांस होतं. सात तास मंद आचेवर शिजवलेलं, सोबत लोणी घातलेला कुस्करलेला बटाटा आणि ग्रेव्ही. नर्सने दिलेला कागद मी फोनशेजारी ठेवला: मऊ, ओलसर, काट्याने दाबलं तर मोडेल असं. सात तास शिजलेलं मांस काट्याने नुसतं दटावलं तरी मोडतं, हे मला कोणी शिकवायला नको. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवली.

टेबल राखून ठेवायच्या फॉर्मवर शेवटी एक चौकट होती: आम्हाला काही सांगायचंय? मी लिहिलं, ‘माझे पती आजारी आहेत. त्यांना मऊच’ आणि तेवढ्यात मागून नेव्हिल वाकला.

“पूस ते.”

“अरे, त्यांना कळलेलं बरं.”

“त्यांना कशाला कळायला हवं? मला गिऱ्हाईक म्हणून जायचंय, ग्लेन. पेशंट म्हणून रोजच जातोय.”

मी पुसलं. त्याचं म्हणणं मला पटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही लाज वाटत होती. अनोळखी माणसाला आपलं दुःख सांगणं आम्हाला उघड्या अंगाने रस्त्यावर जाण्यासारखं वाटतं.

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. नेव्हिलने शर्टाला स्वतः इस्त्री केली होती. कॉलरमध्ये दोन बोटं सहज जातील एवढी मान बारीक झालेली, तरी टाय बांधला. हॉटेलात कुणीच टाय बांधलेला नव्हता. उंच खिडक्यांतून भरपूर ऊन येत होतं, लाकडाच्या जुन्या जमिनीवर यंत्रांचे बोल्ट अजून तसेच होते. तो बुटाच्या टोकाने एका बोल्टाला चाचपत उभा राहिला. आईचं यंत्र कुठे होतं ते बहुतेक आठवत असावा.

वाढणारी पोरगी विशीतली. हातावर मुळ्याचं चित्र गोंदलेलं. मेनूचा कागद देताना तिचा चेहरा फुलला होता.

“तुमचं नशीब चांगलं आहे. आज सकाळीच सगळा मेनू बदलला!”

“बदलला?” मी म्हटलं.

“वसंत लागला ना. शेफ म्हणतात, हिवाळ्याचं जड जेवण आता पुरे. आता सगळं ताजं आणि करकरीत.”

“आणि ते गालाचं मांस?”

“ते गुरुवारी संपलं. आता ऑक्टोबरात या हं.”

मी कागद वाचला. हाडासकट भाजलेला डुकराचा चॉप. कुरकुरीत कातडीचा ट्राउट मासा. कच्चा सलगम, लोणच्यातले अक्रोड, जाळलेला कोबी. ज्या ज्या पदार्थावर नर्सने फुली मारली होती तो तो तिथे हजर. आणि एवढा राग आला मला, त्या पोरीचा नाही, वसंताचा. एक वाक्य बोलायचं होतं. ‘पोरी, याला गिळता येत नाही, आत जाऊन जरा बटाटा कुस्करून आण.’ तिने धावत आणला असता. तोंडावरून तर ती तशीच दिसत होती. मी तोंड उघडलंसुद्धा.

नेव्हिलने टेबलाखालून माझं मनगट धरलं. “मला चॉप,” तो तिला म्हणाला.

ती गेल्यावर मी म्हटलं, “वेडा आहेस का?”

“चॉप आवडतो मला.”

चॉप आला. कातडी सोनेरी, फुललेली, खाली स्वतःचाच रस साचलेला. शिजवणाऱ्याच्या हाताला मी नाव ठेवणार नाही. नेव्हिलने नखाएवढा तुकडा कापला, तोंडात ठेवला आणि चावत राहिला. डोळे मिटले. बराच वेळ चावलं. मग रुमाल ओठांना लावल्यासारखं केलं, तो मांडीवर नेला आणि दुसरा तुकडा कापला. तिसऱ्या तुकड्याला माझ्या लक्षात आलं की तो गिळत नाहीये. फक्त चव घेतोय आणि चोथा रुमालात टाकतोय.

“बटाटा मागू का रे?”

“नको.”

“ग्रेव्ही तरी?”

“ग्लेन. जेव तू.”

मी जेवले. माझ्या ताटात मासा होता, एवढंच सांगू शकते. पोरगी आली आणि विचारलं, सगळं कसं आहे? आम्ही दोघं एकदमच बोललो, “छान, अगदी छान.” असं एका सुरात आम्ही लग्नातसुद्धा बोललो नव्हतो.

चॉपचा चतुर्थांश झाल्यावर त्याने सुरी-काटा खाली ठेवला. घाम आला होता त्याला. मी त्याला न विचारता पुडिंग मागवलं. खजुराचा गरम केक, वर टॉफीचा रस आणि साय. हे तर बाळसुद्धा गिळेल. मी चमचा माझ्या हाताने भरला आणि त्याच्याकडे सरकवला. “हे तरी खा. माझ्यासाठी.”

त्याने चमचा तोंडात घेतला. माझ्याकडे बघत राहिला. गळ्याची घाटी वर गेली, अडली, आणि सगळं परत आलं. ठसका लागला. पाणी प्यायला गेला तर तेही नाकातून आलं. शेजारच्या तिन्ही टेबलांवरचे लोक एकाच वेळी खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर गाड्या लावायची जागा होती.

त्याचं खोकणं थांबेपर्यंत मी त्याच्या पाठीवर हात फिरवत उभी होते. मग बसले. तोपर्यंत मला सगळं कळून चुकलं होतं.

“कधीपासून?”

त्याने चष्मा पुसला.

“नेव्हिल, कधीपासून काहीच उतरत नाहीये?”

“हॉस्पिटलने दिलेल्या त्या दुधाच्या बाटल्या उतरतात. घोट घोट घेतलं की.”

“मी सकाळी सूप करून ठेवून जाते ते?”

“सिंकमध्ये.”

“रोज?”

“सोमवारपासून.”

मला ओरडावंसं वाटलं. त्या पॉलिश केलेल्या जमिनीवर ताट आपटावंसं वाटलं. “मग आलास कशाला इथे? सांगितलं का नाहीस मला?”

“तू एवढं शोधलंस,” तो म्हणाला. आवाज घोगरा, अर्धा हवेत गेलेला. “रोज येऊन मला वाचून दाखवायचीस. टाळी वाजवलीस परवा. मी ऐकली.”

मी डोकं धरून बसले. सोमवारपासून नाही, म्हणजे शेवटचं खाल्लं ते रविवारी. रविवारी काय खाल्लं त्याने? दुपारी माझ्या हातचं अंडं नुसतं चिवडलं होतं, ते आठवलं. संध्याकाळी मी काही केलंच नव्हतं.

“रविवारी काय खाल्लंस?”

“खीर. तांदळाची, डब्यातली.”

मग मला ती संध्याकाळ दिसली. मी जिन्याशी फोन घेऊन उभी. जॅनिनशी वाद चाललेला, की लीड्सचं हॉटेल चांगलं की गिरणीतलं. आणि स्वयंपाकघराच्या दारातून दिसणारा नेव्हिल, सिंकपाशी उभा, डबा हातात, चमच्याने खरवडून खातोय. गरमसुद्धा केली नव्हती. आणि मी फोनवर हात ठेवून काय म्हणाले होते? ‘बशी घे की, कुत्र्यासारखं डब्यातून काय खातोस!’ म्हणाले आणि पुन्हा हॉटेलांकडे वळले.

दोनशे पोरांना रोज बशीत वाढते मी. माझ्या नवऱ्याचं शेवटचं जेवण उभ्याने झालं, थंड झालं, आणि त्यावर मी हे बोलले. आता या जगात कुठलंही हॉटेल शोधून ते बदलणार नव्हतं.

“चांगली होती खीर,” नेव्हिल म्हणाला. मी रडत होते म्हणून त्याने माझ्यापुढे रुमाल धरायला घेतला, मग त्यात काय आहे ते आठवून मागे घेतला.

मुळा गोंदलेली पोरगी आली. तिने माझा चेहरा पाहिला आणि पाहिला नाही असं केलं. उरलेल्या चॉपकडे बोट करून हळूच विचारलं, “बांधून देऊ का? वाया नको जायला.”

मी नाही म्हणणार तेवढ्यात नेव्हिल म्हणाला, “दे बांधून पोरी. उत्तम झालाय. आत सांग त्यांना.”

रुमाल मी पर्समध्ये टाकला. कापडाचा होता, त्यांचा होता, पण तो टेबलावर ठेवून जाणं मला जमलं नाही. गाडी मी चालवली. तो शेजारी बसला, टाय अजून घट्ट, मांडीवर पुठ्ठ्याचा डबा आणि त्यावर दोन्ही हात.

“गरम आहे अजून,” तो म्हणाला.

मी गिअर बदलला. उताराला लागलो.

“वळणावर सावकाश घे, ग्लेन. रस सांडेल.”

मी वेग कमी केला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला, मग परत दिला. मी तशीच सावकाश गेले, घर येईपर्यंत.