उष्ट्या फुलांची कण्हेर

मित्रांनो, मी ईट गावातली एक जुनी पिवळी कण्हेर आहे. मी देवाची की पाखरांची, हे मला अजून धड कळलेलं नाही. म्हणूनच ही हकिगत तुमच्यापुढं मांडते आहे.

रुद्रम्मानं लग्नाच्या वर्षी मला परसात लावलं आणि भांडी विसळलेल्या पाण्यावर वाढवलं. तिची सासू नागम्मा गळ्यातलं महादेवाचं लिंग तळहातावर घेई, माझं फूल वाही आणि मगच जेवे. शिंजीर नावाचं काळंनिळं, इवलंसं पाखरूही रोज यायचं. बाकदार चोचीनं फुलाच्या बुडाला भोक पाडून मध प्यायचं. रुद्रम्मा भाकरी थापायची थांबून त्याच्याकडं बघत राही. सगळ्यांना हवीहवीशी म्हणून मी अगदी फुशारून गेले होते.

पुढं रझाकारांच्या धास्तीचं साल आलं. नागम्माचा एकुलता लेक सिद्रामप्पा निजामाची हद्द ओलांडून बार्शीला निघून गेला. तो परत येईपर्यंत फुलाचा नेम मोडायचा नाही, असं म्हातारीनं मनाशी धरलं. तिची नजर अधू, पण बोटं तल्लख. एके दिवशी फुलाच्या बुडाचं भोक तिच्या बोटाला लागलं.

"हे तर उष्टं हाय," ती म्हणाली आणि उपाशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी फुलांनी लगडलेली, आणि माझ्यापायी म्हातारी उपाशी! यात चूक माझी की पाखराची? मला काही उमगेना.

रुद्रम्मानं जड मनानं कळ्यांना फडकी बांधली. शिंजीर आलं, घुटमळलं आणि गेलं. नागम्मा जेवू लागली. मला बरं वाटायला हवं होतं, पण करमेना.

एका सकाळी नागम्मा पूजेत थांबली. "रुद्रम्मा, पूजेच्या वक्ताला बोलणारं पाखरू कुठं गेलं गं?"

"आत्याबाई, तेच फुलं उष्टी करत हुतं. म्हणून म्या फडकी बांधली."

नागम्मानं हातातलं फूल खाली ठेवलं. मग म्हणाली, "सोड ती फडकी. माझ्या लेकाला घर सोडून जावं लागलं. आता त्या पाखरालाबी आपुनच हाकलायचं व्हय?"

"आन् तुमचा नेम?"

"बेलाचं पान वाहीन. महादेवाला तेवढं पुरं हाय."

तेव्हापासून माझं फूल देवापुढं गेलं नाही. याचं वाईट वाटून घ्यावं की आनंद मानावा, मला ठरवता येत नाही. पण मित्रांनो, परसातल्या झाडाला पाणी घाला आणि त्याची सगळी फुलं खुडू नका. थोडी राहू द्या. कुणीतरी लांबून येत असतं.