स्वर्गाला आलेला खोकला

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक रेडिओ होता. कुणी माळ्यावरून काढून पुसून आणलेला, कुणी शेजाऱ्याकडून मागून आणलेला. मेलेल्या माणसांचं बोलणं रेडिओवर ऐकवणाऱ्या रेडिओबाबांची अटच तशी होती.

"आमच्या वस्तूवर विश्वास ठेवू नका!" बाबा गरजले. "रेडिओ तुमचा, सेल तुमचे. खोलून बघा! फक्त काटा आम्ही सांगू तिथं ठेवा आणि मनात शंका आणू नका. शंकेनं लहरी फाटतात."

लोकांनी रेडिओ खोलून बघितलेही होते. आत धूळ निघाली, एकात मेलेलं झुरळ निघालं. लबाडी कुठंच निघाली नाही, म्हणजे ती नाहीच, असं सर्वांनी ठरवून टाकलं. लबाडी रेडिओत बसत नसते, रेडिओपर्यंत येत असते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दिवे मंद झाले. सगळे रेडिओ खरखरले आणि एकदम एका आवाजात बोलू लागले. "मी आलोय... वरून..."

सासूबाईंनी सासऱ्यांचा जुना रेडिओ छातीशी धरला. "ऐकलंस?" त्या सुनेला म्हणाल्या. "ह्यांचाच आवाज."

सुनेला तो सर्दी झालेल्या कुणाचाही आवाज वाटला. पण सासऱ्यांना बारमाही सर्दी असायची, तिथं तिचा नाइलाज झाला.

"खिडकीपाशी बसलीस ना?" रेडिओ म्हणाला. "त्या रक्तदाबाच्या गोळ्या सोड. विष आहे ते. बाबांचं पाणी घे."

झालं! गोळ्या गेल्या कपाटामागे. दारातल्या स्वयंसेवकानं "कोण गेलं, आजी? काही दुखतंखुपतं का?" असं किती मायेनं विचारलं होतं, ते सासूबाई साफ विसरल्या. जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली. 'झटका येईल,' असं डॉक्टरांनी बजावलं, तर म्हणाल्या, "डॉक्टर कालचा पोर. ह्यांच्याबरोबर मी जन्म काढलाय." मुलानं हात टेकले.

ही सून बँकेत कारकून, पण हातात सोल्डरिंग गन आली की तिला तहानभूक आठवत नसे. घरभर आपल्या आवडीची गाणी ऐकता यावीत म्हणून तिनं एक छोटं एफएम ट्रान्समीटर बनवलं होतं. पेनावर गुंडाळलेली तांब्याची तार, तीन पायांचा एक इवलासा ट्रान्झिस्टर, चौकोनी बॅटरी, बारकासा माइक. सगळं साबणाच्या डबीत मावायचं. मोबाइलवरचं गाणं त्यातून हवेत जाई आणि स्वयंपाकघरातला रेडिओ ते उचली. त्यासाठी तिनं काट्यावर अशी जागा निवडली होती, जिथं कुठलंच स्टेशन लागत नाही.

एका दुपारी बॅटरी संपली, गाणं बंद पडलं. रेडिओ खरखरला आणि बोलू लागला.

"हॅलो, हॅलो. मी आलोय... वरून... खक्! बाबा, 'वरून' जरा जास्त ओढू का? आणि चहा सांगा ना, घसा पार बसलाय."

हॉल घराच्या पाठीमागेच होता. काट्यावरची रिकामी जागा शोधायची अक्कल बाबांनाही होती! सून आधी पोट धरून हसली. मग कपाटामागच्या गोळ्या आठवल्या आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

सासूबाईंना सांगून उपयोग नव्हता. पुढच्या बैठकीला नवी बॅटरी घालून तिनं डबी पिशवीत टाकली आणि ती निमूट त्यांच्याशेजारी बसली. "मी आलोय..." सुरू होताच तिनं बटण दाबलं. रेडिओचाच आवाज माइकात शिरून आजूबाजूचे रेडिओ कर्कश किंचाळले. तिनं पटापट त्यांचे आवाज कमी केले आणि माइक सासूबाईंच्या तोंडापाशी धरला.

"आई, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काय बोलू?" रांगेतले रेडिओ म्हणाले.

"अगंबाई!"

"अगंबाई!" सासऱ्यांचा रेडिओसुद्धा म्हणाला.

"शंकेखोर बाई!" बाबा ओरडले. "लहरी फाडल्या!"

"फाटल्या नाहीत, बाबा. माझं यंत्र जवळ, म्हणून माझा आवाज वर. तुमचं यंत्र तुमच्या पाठीमागच्या पडद्याआडच्या खोलीत असेल." सुनेनं बटण बंद केलं. चारदोन लोक उठून त्या खोलीकडे निघाले, तेवढ्यात हॉलभर स्वर्ग घाबऱ्या आवाजात बोलला. "बाबा! खक्! लोक आत येतायत, काय करू?"

हॉल हसला. लोकांनी आतलं यंत्र बंद केलं आणि खोलीतून मफलर गुंडाळलेला शिष्य बाहेर आला. एका हातात माइक, दुसऱ्या हातात चहा. बाबा तोवर मागच्या दारानं अंतर्धान पावले होते. तेवढी सिद्धी त्यांच्याकडे खरी होती.

सासूबाई हसल्या नाहीत. "म्हणजे ते बोललेच नाहीत."

"नाही, आई."

"बरं वाटायचं गं ऐकून."

सुनेला वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. सासूबाईंनी मांडीवरचा रेडिओ बाजूला ठेवला. मग त्यांनी हात पुढे केला. "दे ते यंत्र. बटण दाब."

हॉलमधले रेडिओ पुन्हा खरखरले आणि त्यातून एक दमलेला, पण स्पष्ट आवाज आला.

"मी खिडकीपाशी बसलेली बाई बोलतेय. वरून नाही, इथूनच. आमचे हे असेतोवर रोज विचारायचे, गोळी घेतलीस का? जिवंतपणी जो माणूस माझ्यामागे गोळी घेऊन फिरला, तो मेल्यावर ती टाक म्हणेल? एवढा साधा विचार मी केला नाही. तुम्ही करा. रेडिओ खोलून बघितलात, तसं बोलणाऱ्यालाही बघत जा. आणि माझ्यासारख्या ज्यांनी गोळ्या टाकल्यात, त्यांनी उठा. घरी जा आणि आधी त्या शोधा."